गोलकीपरच्या हातावरची मेंदी

मी एसटीत कंडक्टर आहे. उमरग्याहून हैदराबादला जाणाऱ्या गाडीवर मी कित्येक वर्षं ड्युटी केली. वाटेत महाराष्ट्र संपतो, कर्नाटक लागतं, मग तेलंगण. पाट्यांवरची मराठी जाऊन कानडी येते, कानडी जाऊन तेलुगू, आणि माझे प्रवासी तोंड उघडं टाकून घोरत असतात. कुणी खिडकीतून डोकावून त्यांना विचारत नाही, की बाबा रे, तू कोण, कशाला आलास, नि तुझी दहाही बोटं दाखव. त्यामुळं हद्द म्हणजे चहाला थांबायची जागा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या भाचीनं ते डोकं फिरवलं.

ही माझ्या धाकट्या भावाची लेक. भाऊ जळकोटाच्या पुढं वस्तीवर राहतो, मेंढरं राखतो. चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा बोलायचा नाही असा माणूस. लेक मात्र लहानपणापासून बाणासारखी. शाळेत खेळाच्या सरांनी तिला फुटबॉलच्या जाळीपुढं उभं केलं, तर चेंडू काही आत जाईना. सरांनीच धडपड करून तिला सरकारी खेळाच्या वसतिगृहात घातलं. तिथनं ती राज्याकडून खेळली आणि सोळावं सरता सरता देशाच्या मुलींच्या संघाच्या सरावाला बोलावणं आलं. आशियातल्या देशांची स्पर्धा होती, पूर्वेकडच्या एका देशात, जिथं आपल्याआधी उजाडतं.

"म्हंजी आपण झोपल्यालो असताना तिथं दिवस?" भावानं विचारलं.

"व्हय."

"मग पोरगी झोपंल कवा?"

आता ह्याला काय सांगावं! पण खरं सांगते, मलाही तो प्रश्न पडलाच होता, फक्त मी कंडक्टर असल्यामुळं विचारला नाही.

पासपोर्ट आधीच झाला होता. त्याच्या चौकशीला पोलीस वस्तीवर आला, तेव्हा निम्मी माणसं कामाचं निमित्त काढून माळाला पळाली होती. उरलेल्या निम्म्यांनी त्याला चहा पाजून पाजून बेजार केलं. तेवढं झालं की पोरगी विमानात बसली, असं आम्ही धरून चाललो. व्हिसा नावाचं आणखी एक प्रकरण असतं, हे तिनंच येऊन सांगितलं. भावाला मी माझ्या परीनं समजावलं. पासपोर्ट म्हणजे आपण कोण हे आपल्या सरकारनं सांगणं, आणि व्हिसा म्हणजे त्यांनी 'या' म्हणणं. भाऊ म्हणाला, "बोलीवलंय त्यांनीच, मग परत या कशाला म्हणायचं?"  

संघाचे सगळे कागद गेले होते. व्हिसा यायचा होता आणि मधल्या सुटीत मुलींना घरी सोडलं होतं. नेमकी नागपंचमी आली.

पंचमी म्हणजे आमच्याकडं लेकींचा सण. दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तरी चालेल, पंचमीला आली पाहिजे. लिंबाला झोका, हातभर बांगड्या आणि मेंदी. ही पोरगी वसतिगृहात गेल्यापासून एकाही पंचमीला घरी नव्हती. त्यामुळं वहिनीला काय करू नि काय नको असं झालेलं. तिनं बांधावरच्या झुडपाचा पाला ओरबाडून आणला, पाट्यावर वाटला, त्यात काथ, लिंबू, चहाचं काळं पाणी. कोनातली नक्षीबिक्षी आमच्या वस्तीवर चालत नाही. तळहातावर मधोमध रुपयाएवढा ठिपका आणि दहाही बोटांना वरच्या पेरापर्यंत भरगच्च टोप्या. वर चिंध्या गुंडाळून रात्रभर तसंच झोपायचं. सकाळी पोरीनं हात धुतले तर बोटं अशी रंगली होती, की काळसर जांभळी म्हणावीत. बायकांनी तिला घेरलंच.

"अगं बाई, एवढी रंगली! नवरा लई जीव लावणार बघ हिला."

"मला नवरा नको, व्हिसा पायजे," पोरगी म्हणाली, नि झोक्यावर चढून असा झोका घेतला की खालच्या पोरी किंचाळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संघाच्या मॅनेजर मॅडमचा फोन आला. त्या देशाच्या वकिलातीनं कळवलं होतं, की नुसते कागद चालणार नाहीत, प्रत्येकीनं स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. जिला जे व्हिसा केंद्र जवळ तिथं तिनं उद्या हजर राहायचं. आम्हाला हैदराबाद जवळ. मी तिथल्या तिथं रजा टाकली. भाऊ म्हणाला, म्या बी येतो. मेंढरं चुलतभावाच्या गळ्यात घातली, धुतलेलं धोतर नेसला, आणि आम्ही तिघं माझ्याच डेपोच्या गाडीत प्रवासी म्हणून बसलो. कर्नाटकाची पाटी आली तेव्हा मी भावाला दाखवली. त्यानं उगीच सावरून बसत कागद मागायला कुणी येतंय का म्हणून दाराकडं पाहिलं.

केंद्र म्हणजे काचेचा दवाखानाच वाटावा असं. थंडगार, गुळगुळीत, माणसं खाली मान घालून बसलेली आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. मला तर अशा शांततेत खोकला येतो. एक चष्मेवाली बाई टेबलाशी होती, तिच्यापुढं पुस्तकाएवढं यंत्र, वर हिरवा उजेड. चार बोटं ठेवायची की यंत्र बघून घेतं. आमच्या आधीच्या माणसाचं चुटकीसरशी झालं. पोरीनं हात पुढं केला आणि त्या बाईनं तो हातात धरून उलटासुलटा पाहिला.

"हाय अल्ला," ती म्हणाली. "इत्ती मेहंदी!"

तिनं तरी प्रयत्न केला. पुसून केला, ओला करून केला, दाबून केला. यंत्रावर प्रत्येक वेळी लाल दिवा. शेवटी ती म्हणाली, रंग उतरल्यावर या.

माझं टाळकं सरकलं. गाडीत दाराशी गर्दी करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला जो आवाज आहे, तो मी त्या काचेच्या खोलीत काढला. पोरगी देशाकडून खेळायला चाललीय, चोरी करून आली नाही, मेंदी लावली म्हणून काय तिची बोटं बदलली काय? रखवालदार धावत आला. पण ती बाई काही चिडली नाही. मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आपा, मेरे हात में होता तो मैं अब्बीच दे देती. मशीन को लकीरां होना, रंग नक्को." मग तिनं पोरीचं बोट आणि स्वतःचं बोट शेजारी शेजारी उजेडाखाली धरून मला दाखवलं. तिच्या बोटावर बारीक बारीक रेघा, नांगरलेल्या रानासारख्या. पोरीच्या बोटावर नुसता काळोख.

मी माझं बोट पाहिलं. इतकी वर्षं ह्याच बोटांनी तिकिटं फाडली, कधी नीट पाहिलं नव्हतं. म्हणे जगात दुसऱ्या कुणाला ह्या रेघा नाहीत. माझ्यासारख्या बाईलासुद्धा देवानं वेगळा छाप दिलाय! 

बाहेर आल्यावर मॅडमना फोन लावला. त्या बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण त्यांनी गोष्ट लपवली नाही. संघ आठवड्यानं निघणार. दुसरी गोलकीपर तयार ठेवावी लागणार. नावं बदलायची मुदत आहे, तोवर ठसे झाले तर प्रयत्न करता येईल, नाहीतर हिच्या जागी दुसरी. पोरीनं सगळं ऐकलं. 'हो मॅडम' एवढंच म्हणाली.

मग वहिनीला सांगावं लागलं. तिनं फोनवर जो हंबरडा फोडला! "माझ्याच हातानं केलं वो वन्सं, माझ्याच हातानं लेकीचं नशीब रंगवून ठेवलं!"  पोरीनं माझ्या हातातला फोन घेतला. "आये, रडू नको. पंचमीला मेंदी लावायची न्हाय तर कवा लावायची? लई भारी रंगली हुती." सोळा वर्षांची पोर! आमच्या घरात एवढा मोठेपणा कुठनं आला, देव जाणे.

हैदराबादेत आमच्या उमरग्याकडची एक बाई खानावळ चालवते. माझ्या गाडीनं माहेरी ये-जा करते, म्हणून ओळख. तिच्या माडीवर आम्ही मुक्काम टाकला. आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडायला लागला. कुणी म्हणे चुना लाव, कुणी म्हणे रॉकेल, टूथपेस्ट, ब्लीचिंग पावडर, एकानं तर वीट सुचवली. मी सगळ्यांना झापलं. कातडी सोलवटली तर रेघाही जातील, नि वर ही गोलकीपर आहे, हातावर तर तिचं पोट. केंद्रातल्या बाईनंही बजावलं होतं, खरवडू नका.

 पोरगी अचानक म्हणाली, "आत्या, आईच्या हातावर मेंदी किती टिकती?"

"तिच्या हातावर? पाण्यात हात घातला की चालली. कामाच्या बाईच्या हाताला कुठं मेंदी टिकती?"

बोलून गेले आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. पोरगी उठली, खाली मोरीत गेली आणि खानावळीच्या खरकट्या ताटांच्या ढिगाऱ्यापुढं जाऊन बसली.

खानावळवाली धावत आली. "अगं ए बाई, देशाकडून खेळणारी पोर माझी भांडी घासणार? पाप लागंल मला!" मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी एक नियम घातला, तारेच्या घासणीला शिवायचं नाही. साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड. त्या दिवसापासून सकाळची ताटं, दुपारची ताटं, कढया, पराती, वर आम्हा सगळ्यांचे कपडे. घरी आईनं एक वाटी विसळायला सांगितली तर वसतिगृहाचं नाव पुढं करणारी ही पोर! रात्री मी तिच्या बोटांना खोबरेल चोळायची. पहिले दोन दिवस काही फरक नाही. मग जांभळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं विटकरी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. खानावळीमागं एक मोकळं पटांगण होतं. पोरगी पहाटे तिथं सरावाला जायची, पण चेंडू मारणार कोण? तिनं भावाला उभं केलं. भावानं जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. म्हणाली, "आबा, पायानं नको, हातानं फेका." दोन दगड ठेवून तिनं जाळीची जागा केली. भावानं लहान पोराला द्यावा तसा चेंडू फेकला.

"आबा, जोरात फेका की."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, फेक की रे, लोण्याची हाय व्हय ती?

आता मेंढक्याचा हात म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. कळपातलं चुकार मेंढरू वळवायचं तर त्याच्या नाकासमोर नेमका खडा टाकावा लागतो, अंगाला न लागता. भावानं तसा हात मागं नेला आणि चेंडू सोडला, दगडाच्या आतल्या कडेला, जमिनीलगत. मला वाटलं गेला. आणि पोरगी आडवी झाली. धावली नाही, पडली नाही. हवेत आडवी झाली, लांबच लांब, आणि तो चेंडू तिनं उघड्या हातात असा धरला, की आवाजसुद्धा मऊ आला. मातीत लोळून उठली, चेंडू परत फेकला नि म्हणाली, "आता दुसऱ्या अंगाला."

भावाच्या हातात चेंडू तसाच. त्यानं लेकीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. पेपरात नाव आलं, फोटो आला, लोकांनी पेढे मागितले, ते सगळं त्याला ठाऊक. पण हे ठाऊक नव्हतं. तो हळू आवाजात मला म्हणाला, "आक्का, ही आपली हाय?" मी हो म्हटलं. ह्या पोरीला मी कडेवर घेऊन फिरवलंय, तिच्या नाकाचा शेंबूड पुसलाय. आणि ती हे करते! कुणी शिकवलं, कवा शिकवलं, आम्ही कुठं होतो?

नंतर तो रोज फेकायचा. दमून घामाघूम व्हायचा, पण थांबायचा नाही.

अधूनमधून केंद्रात जाऊन यायचं. एकदा उजवा हात पास झाला आणि डावा अंगठा अडला. रखवालदार आता आम्हाला बघून हसायचा. मुदतीच्या अगदी तोंडावर गेलो, तेव्हा त्या चष्मेवाल्या बाईनं डाव्या अंगठ्यावर फुंकर घातली, यंत्रावर ठेवून स्वतःच्या दोन बोटांनी वरून अलगद दाबला आणि श्वास धरला. मीही धरला. भावानं तर डोळेच मिटले. हिरवा दिवा लागला. "आ गया! आपा, आ गया!" ती खुर्चीतून उठलीच. त्या शांत खोलीत खाली मान घालून बसलेली सगळी माणसं वर बघायला लागली, आणि मी कुणाची लाज न बाळगता त्या बाईला मिठी मारली.

ठसे झाले, पण व्हिसा यायला वेळ लागला. संघ पुढं निघून गेला. मॅडमनी तिचं नाव तेवढं राखलं होतं. व्हिसा आला त्याच दिवशी तिला एकटीला विमानात बसायचं होतं, आणि मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं. जिनं कधी विमान जवळून पाहिलं नाही तिनं! मी माझी सगळी विद्या पणाला लावली. तिकीट हातात ठेव, पिशवी पायाशी ठेव, जागा सोडून फिरू नको, उतरायचं ठिकाण दोघांना विचार, एकजण खोटं सांगतो. ती हसत होती. विमानतळाच्या दाराशी बंदूकवाल्या जवानानं आम्हाला अडवलं, तिला आत सोडलं. आम्ही काचेला नाक लावून उभे. ती गर्दीत दिसली, दिसेनाशी झाली, परत दिसली. एकदाही भांबावल्यासारखी वाटली नाही. इथं माझ्या गाडीत शिकलेली माणसं पाटी वाचूनसुद्धा चुकीच्या गावाला उतरतात.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, पोचले. एवढाच. भावानं तो फोन कानाला लावून, कट झाल्यावरही बराच वेळ तसाच धरला होता.

पहिला सामना तिच्याविना झाला आणि आपण हरलो. आम्ही वस्तीवर परतलो होतो, तिथं निरोप आला, दुसऱ्याला ती खेळणार. तिकडं संध्याकाळ, इथं भर दुपार. माझ्या मोबाईलवर सामना दिसेल एवढी रेंज वस्तीवर येत नाही, म्हणून आम्ही सगळे वरच्या माळाला गेलो. मोबाईल एका दगडाला टेकवून ठेवला, ऊन पडू नये म्हणून वहिनीनं त्याच्यावर पदर धरला. पंधरावीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली, मागं मेंढरं चरत होती.

पोरी ओळीनं मैदानात आल्या. सगळ्यांत वेगळ्या रंगाच्या कपड्यातली आमची. एवढीशी दिसत होती, करंगळीच्या नखाएवढी. वहिनीनं मोबाईललाच बोटं लावून कडाकडा मोडली. राष्ट्रगीत लागलं तसे आम्ही सगळे उठलो, संपल्यावर बसलो. भाऊ उभाच.

"बस की रे," मी म्हटलं.

त्यानं ऐकलंच नाही. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. समोरच्या पोरी उंच, दांडग्या, नि चेंडू सारखा आमच्याच जाळीकडं. तिनं एक अडवला, दुसरा अडवला. तिसरा बोटांच्या टोकांनी दांड्यावरनं पलीकडं ढकलला, तेव्हा माळावर असा गलका झाला की मेंढरं उधळली आणि त्यांना वळवायला कुणी उठलं नाही. मग एक आत गेला. सगळे हाय हाय करत मागं कलंडले. वहिनीनं तोंडाला पदर लावला.

भाऊ तसाच, काठी धरून.

"अरे पाय दुखतील तुझं, बस," मी परत म्हटलं. "एक गोल गेला म्हणून काय झालं?"

"गेला तर जाऊ दे," तो मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. "पोरगी उभी हाय न्हवं, आक्का. मग म्या कसा बसू?"

वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं आणि दगडावरचा मोबाईल उचलून छातीशी उंच धरून ती उभी राहिली. मग मी उठले. मग एकेक करत सगळा माळ उठला, आणि सामना संपेपर्यंत कुणीच खाली बसलं नाही.